विजयाच्या कॉम्प्युटरला मी वेग दिला

आमचा कॉम्प्युटर व्यवस्थित चालत होता, म्हणून मी तो दुरुस्त करायला घेतला.

'आमचा' म्हणजे खरं तर विजयाचा. विजया माझी बायको. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली, आणि आता दर रविवारी संध्याकाळी हैदराबादच्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी वाचायला शिकवते. ही मुलं घरात मराठी बोलतात, पण छापलेलं मराठी समोर आलं की पाहुण्यासारखी गप्प बसतात. त्या रविवारी ही मुलं पहिल्यांदाच मोठ्याने वाचणार होती आणि लातूर-नांदेडकडचे त्यांचे आजी-आजोबा घरबसल्या ऐकणार होते. वाचनाची सगळी पानं विजयाने स्वतः तयार केलेली, आणि सगळी त्याच कॉम्प्युटरात.

अशा दिवशी तो जरा झटकन सुरू व्हावा, एवढीच माझी इच्छा. ती भाजी आणायला गेली आणि मी एक व्हिडिओ लावला. कॉम्प्युटर सुरू होताना ठरावीक बटण दाबलं की एक निळा पडदा येतो, त्याला बायोस म्हणतात. तिथे मेमरीचा वेग वाढवा, असं त्यातला माणूस सांगत होता. मी वाढवला. त्याने सांगितला त्याहून थोडा जास्तच. (आमच्या घराण्यात हात आखडून वाढायची पद्धत नाही.)

बदल सेव्ह केला. आतला पंखा घुमला, दिवा लागला, पडदा मात्र काळा. आता निळाही येईना. मी सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या, डब्याला दोन चापट्या मारल्या आणि शेवटी खालच्या मजल्यावरच्या खाजाभाईंना बोलावलं. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साब, अच्छा चल रा था ना? फिर कैकू छेडे?"

याचं उत्तर व्हिडिओत नव्हतं. आबिड्सच्या बाजारात दुरुस्तीच्या दुकानात नेऊ म्हटलं, तर रविवार, दुकान बंद.

तेवढ्यात विजया आली. लाइट गेलीय, असं मी सांगून पाहिलं. डोक्यावरचा पंखा गरगर फिरत होता. ती रागावली नाही, हे जास्त भीतीदायक होतं. वर्गात उलटतपासणी घ्यावी तशी तिने एकेक गोष्ट काढून घेतली, आणि 'मेमरीचा वेग' ऐकल्यावर मला पलंगावर बसायला सांगितलं. हात मांडीवर ठेवून.

मग तिने बांगड्या उतरवल्या, प्लग काढला, डब्याचं झाकण उघडलं. खाजाभाईंनी टॉर्च धरला. आत घड्याळात असतो तसा एक चपटा सेल होता; निळ्या पडद्यावरचे बदल त्याच्याच जोरावर लक्षात राहतात म्हणे. तो तिने अलगद बाहेर काढला आणि आम्हा दोघांना चहा टाकला.

"आता?" मी विचारलं.

"तुम्ही त्याला जे शिकवलं, ते विसरायला थोडा वेळ लागेल," ती म्हणाली.

चहा झाल्यावर सेल परत बसवला, आणि पडदा उजळला! पण वर्ग काही उघडेना. मी पलंगावरूनच म्हणालो, संपलं सगळं. विजयाने कोपऱ्यातली तारीख पाहिली. कॉम्प्युटर माझ्यासकट सगळंच विसरून कित्येक वर्षं मागे गेला होता. तिने तारीख दुरुस्त केली आणि वर्ग उघडला.

संध्याकाळी एका मुलीने अडखळत, पण शेवटपर्यंत एक पान वाचलं. लातूरची तिची आजी पदर डोळ्यांना लावून बसली होती. मी दाराआडून बायकोकडे बघत होतो. इतक्या वर्षांच्या संसारात इतका अभिमान मला क्वचितच वाटला असेल.

दुसऱ्या दिवशी तिने त्या निळ्या पडद्याला पासवर्ड लावला. मी सहज विचारला.

"सोपा आहे," ती म्हणाली. "या घरात तुम्ही दुरुस्त केल्यावरही धड राहिलेल्या वस्तूचं नाव."

मी अजून घरभर शोधतोय.