रंगवलेला फॉर्म

“हा फॉर्म आहे की होडी?” प्रिन्सिपॉलसाहेबांनी कागद माझ्यासमोर धरला.

फॉर्मच्या चारी कडांना निळ्या लाटा, मधे पापलेटं, वर भगवं निशाण. अख्खं ऑफिस बघायला गोळा झालं. इतकी देखणी वेलबुट्टी मी सरकारी कागदावर आजवर पाहिली नव्हती. पण मी हेडक्लार्क. माझं लक्ष मार्कांच्या रकान्याकडे, आणि तिथे नुसता तेलाचा डाग. होडीचा ऑइलपेंट आरपार झिरपला होता. खाली जोडलेली मार्कशीटची नक्कलही गेली होती.

साठच्या सुमाराची गोष्ट. आपल्या जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा. आमचं कॉलेज नवं, खाडीच्या काठावर. फॉर्म आले की आधी स्क्रुटिनी, म्हणजे छाननी. मार्क वाचता आले नाहीत तर फॉर्म बाद. आणि तो शेवटचा दिवस होता, पाचला खिडकी बंद.

फॉर्म हिराचा. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली, तिथून मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. तिला फर्स्ट इयर सायन्स हवं होतं. बापलेक सकाळच्या तरीने, खाडी ओलांडणाऱ्या उतारू होडीने, आले होते, खिडकीसमोरच उभे.

“नाखवा, हे कुणी केलं?” मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

“मीच.” धर्मा नाखवा खुशीत होता. “नवी होरी सजवल्याबिगर आमी दर्यान लोटत न्हाय, सायेब. पोर पयल्यांदा भाईर चाललीय. कोरा कागद कसा देऊ?”

मी डोक्याला हात लावला. होडीचा रिवाज त्याने फॉर्मला लावला होता! मी नवा फॉर्म दिला आणि मूळ मार्कशीट मागितली.

“ती घरी. देवाफुडं ठेवलीय.”

“मग पाचच्या आत आणा.”

तो आल्या पावली परत गेला. हिरा बाकावर बसून फॉर्म भरू लागली. दुपारी वारा सुटला, खाडी खवळली आणि तरीच्या फेऱ्या बंद झाल्या. रस्त्याने यायचं तर संध्याकाळ उलटणार. संपलं, असं मी मनात म्हटलं. पोरीला सांगायचं माझ्या जिवावर आलं.

“तुमची होडी आहे ना?” साहेबांनी तिला विचारलं.

“वर वढलीय, सायेब. झावळ्यांनी शाकारलीय. नारळी पुनवेआदी कोनी लोटत न्हाय.”

चार वाजून गेले. एकाएकी हिरा उठली आणि खाडीकडच्या खिडकीशी धावली. “आमची होरी!”

आम्ही सगळे धावलो. एवढी जड होडी उतरवायची म्हणजे अख्खा कोळीवाडा लागतो. तो लागला होता. होडी लाटेआड गेली की आमचे श्वास अडकत, वर आली की सुटत. माणसं वल्ह्यांवर अशी वाकली होती की मला ऑफिसचं, घड्याळाचं भान राहिलं नाही. असलं धाडस मी जन्मात पाहिलं नव्हतं, पुन्हा पाहिलंही नाही.

पाचच्या ठोक्याआधी धर्मा नाखवा निथळत आत आला. छातीशी मेणकापडाची घडी. आत मार्कशीट, कोरडी ठणठणीत.

“बाबा, पुनवेआदी?” हिराने कसंबसं विचारलं.

“पुनव येल तवा येल. तुजी पुनव आज हाय.”

साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. मार्कशीट त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. मी मार्क वाचले, ताडून पाहिले, शिक्का मारला. मार्क उत्तम होते. लिस्ट लागली तेव्हा हिराचं नाव वरच्या नावांत होतं.

पुढे नोकरीभर मी मुलांना सांगत आलो, फॉर्म सजवू नका. सजावटीने मार्क वाढत नाहीत, झाकले मात्र जातात. कोणी वाद घातला की मी त्याला खिडकीतून खाडी दाखवायचो. त्या दिवशी धर्मा नाखव्याची होडीसुद्धा तशीच आली होती. ना हळद, ना फूल, ना निशाण.