काचेत न पेटलेला ठिपका

हे मी आजवर कुणापाशी बोललेलं नाही. आईपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही रेहानाला ओळखत नाही — म्हणूनही असेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पेणहून एस्टीने रोह्याला जायची, रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये. रेहाना नदीपलीकडच्या अष्टमी गावची, पूल ओलांडून चालत यायची. आमचं टेबल एकच. कंपनीचा लाल रंग कॅडमियमचा. त्याचे कण अतिशय बारीक केले तर ते चमकतात, आणि नुसत्या आकारावर रंग बदलतात — जरा मोठे ते लाल, त्याहून लहान ते हिरवे — हे तिने कुठेतरी वाचलं आणि ती झपाटलीच. शिफ्ट संपली की आम्ही दोघी थांबायचो. तिने पुण्याच्या एका शास्त्रज्ञांना पत्र लिहिलं, त्यांनी वीज वाहून नेणाऱ्या काचेचे तुकडे पाठवले. त्यावर कणांचा पातळ थर, मागून चांदीचा लेप, कडांना मेण. बॅटरी जोडली आणि — काजव्याएवढा तांबूस ठिपका पेटला!

"मंदे, याचा एक दिवस टीव्हीचा पडदा व्हईल, बघ," ती म्हणाली. मी हसले. पण मलाही तो पडदा दिसत होता.

पुण्याचे सर स्वतः बघायला येणार असं ठरलं. त्याच आठवड्यात कारकुनाने सहज विचारलं, "रेहाना पुण्याला चालली, आता तुमच्या जोडीला कोण?"

पुण्याला? नमुना पेटला की सर तिला संशोधनाला बोलावणार होते. तिला. एकटीला. आणि तिला हे कधीचं ठाऊक होतं. रोज माझ्या डब्यातलं खात होती, माझ्याशेजारी बसून गाळत होती, ढवळत होती — आणि एक शब्द नाही? विचारायला हवं होतं ना मी? नाही विचारलं.

सर येणार त्याच्या आदल्या दिवशी तिच्या आईला बरं नव्हतं. ती लवकर निघाली. जाताना म्हणाली, "नमुन्याकडे बघ गो, तू हायस म्हणून जाते."

ओल लागली की तो थर मरतो. म्हणून काच आम्ही झाकणबंद भांड्यात ठेवायचो. त्या दिवशी झाकण उघडं राहिलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. तेही खोटं. मी ब्लेडने कडेचं मेण खरवडलं. काच उघड्या खिडकीत ठेवली. बाहेर पाऊस कोसळत होता. एस्टीची वेळ होईपर्यंत मी तिथेच बसले. मग नवं मेण लावलं, कुणाला कळू नये इतकं नीट.

दुसऱ्या दिवशी सर आले. मॅनेजर, इतर सगळे भोवती. तार हातात घेऊन रेहाना म्हणाली, "सर, पुण्याचं मी अजून व्हय म्हटलेलं नाय. मंदालापण घेणार असाल तर येते. हे दोघींचं काम हाय."

तेव्हाही बोलता आलं असतं. काच शिल्लक होती, दुसरा नमुना झाला असता. मी काय केलं? — जमिनीकडे बघत राहिले.

तिने तार जोडली. काही नाही. तारा उलटसुलट करून पाहिल्या. काही नाही. "पेटत होता सर... खरंच पेटत होता." मॅनेजर म्हणाले, "बाईंचा काजवा उडाला वाटतं." सगळे हसले. सर मात्र हसले नाहीत. पण पुन्हा आलेही नाहीत. लॅबमध्ये थांबायची परवानगी बंद झाली.

त्यानंतर ती स्वतःचीच चूक शोधत बसायची. एकदा म्हणाली, "मीच कडा नीट बंद केल्या नसतील, नाय गो?"

मी म्हणाले, "असंल."

पुढे तिने नोकरी सोडली, लग्न करून कुवेतला गेली. जाण्याआधी पेणला आमच्या घरी आली होती. आईचा हात धरून म्हणाली, "काकी, त्या दिवशी लॅबमधले सगळे हसले. एकटी मंदा हसली नाय."

आई माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी चहा ओतत होते. एक थेंबही बशीत सांडला नाही.