ओढणीतला माइक

कमरीपेठेत आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी घातलेली, आता मी चालवते. एका बाजूला जोंधळा, दुसऱ्या बाजूला मिरची. मिरचीचं यंत्र सुरू झालं की समोरचा माणूस नुसते ओठ हलवताना दिसतो. जाड की बारीक ते गिऱ्हाईक बोटांनी दाखवतं आणि माझं काम भागतं.

फोनवर बोटं दाखवता येत नाहीत. मुलगी पुण्याला नोकरीला गेली आणि तिची जेवणाची सुट्टी नेमकी माझ्या गर्दीच्या वेळी आली. संध्याकाळी खोलीत चौघी असतात, मोकळं बोलता येत नाही, म्हणायची. दुपारी फोन आला की ती बोलायची, मी ओरडायचे आणि दोघी वैतागायचो. शेवटी ती फोनऐवजी मेसेज करू लागली. ‘बरी आहे.’ रोज तेच. पोरीचा आवाज ऐकल्याशिवाय ती कशी आहे हे मला कळत नाही, आणि लिहिलेल्या ‘बरी’वर माझा काडीचा विश्वास नाही.

मी फार कटकट केली तेव्हा तिने आपले हेडफोन कुरिअरने पाठवले. बाहेरचा आवाज मारणारे. कानांवर चढवले, बटण दाबलं आणि गिरणी एकदम शेजारच्या गल्लीत गेल्यासारखी झाली. मी खूश.

“आई, मला नुसती घरघर ऐकू येतेय,” ती म्हणाली.

म्हणजे शांतता माझ्या एकटीच्या वाट्याला. त्यात वर भलतंच झालं. धान्य संपत आलं की गिरणीच्या दगडांचा आवाज बदलतो. तो मला ऐकूच आला नाही, दगडावर दगड घासला आणि जळका वास सुटल्यावर मी धावले. एवढी महागाची वस्तू, पण कुठला आवाज मारायचा आणि कुठला ठेवायचा याची तिला अक्कल नाही!

मीही हट्टी आहे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून दोन फाट्यांची वायर आणली. एका फाट्यात हेडफोन, दुसऱ्यात कॉलरला लावायचा चिमुकला माइक. हेडफोन एकाच कानावर, दुसरा कान गिरणीला मोकळा. तरी माइकमधून घरघर जातच होती. मिरची दळताना मी नाकातोंडावर ओढणीची चौपदरी घडी बांधते. एके दिवशी माइक त्या घडीतच, ओठांपाशी खोचला.

“आई, गिरणी बंद केलीस?”

“चालू आहे. बोल तू. जेवलीस?”

“हो.”

त्या ‘हो’च्या आधी ती जराशी थांबली होती. इतकं बारीक मला आजवर ऐकूच आलं नव्हतं.

“जेवली नाहीस,” मी म्हटलं.

मग तिचं नाक ओढणंसुद्धा ऐकू आलं. “आई, मला इथं नाही जमत गं. रोज बोलणी खाते, घास उतरत नाही. परत यावंसं वाटतं. पण तू सगळ्या गिरणीला पेढे वाटलेस ना. आता त्यांना काय सांगशील?”

खरं होतं ते. तिला नोकरी लागली तेव्हा पिठाच्या प्रत्येक डब्याबरोबर मी हातावर पेढा ठेवला होता. पोर माझ्या पेढ्यांपायी उपाशी राहत होती.

“सोड ती नोकरी आणि घरी ये,” मी म्हणाले. “पेढ्यांचं मी बघते.”

मला वाटलं, मी हळू बोलले. पण गिरणीत जन्म काढलेल्या बाईचं हळू म्हणजे काय, ते मान वर केल्यावर कळलं. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रांगेत पहिल्या अक्का होत्या. जुनं गिऱ्हाईक, पेढा दोनदा मागून घेतलेल्या.

“बरलि बिडव्वा!” त्या कानडीत माझ्यावरच खेकसल्या. म्हणजे, येऊ दे की, त्यात काय!

“आई, गप्प का झालीस?” कानात मुलगी विचारत होती. तिला अक्कांचं ऐकू गेलं नव्हतं. कसं जाईल? बाकीचा एकही आवाज तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून तर मी एवढा खटाटोप केला होता.

मी तोंडावरची ओढणी सोडली, घडीतला माइक काढला आणि वायर ताणून अक्कांच्या तोंडापुढे धरला.

“मला नका सांगू,” म्हटलं, “तिला सांगा.”