शाल हातात दिली

सत्कार तिघांचा होता. दोघांच्या खांद्यावर सरपंचांनी शाल टाकली. माझी पाळी आली तेव्हा घडी न मोडताच हातात ठेवली, बोटाला बोट लागू न देता. तीर्थपुरीजवळचं आमचं गाव. बौद्धवस्तीतून आफ्रिकेला जाऊन आलेली पहिली बाई, म्हणून माझा सत्कार.

युगांडात निर्वासितांच्या वसाहतीत मी काम करत होते. दक्षिण सुदानच्या लढाईतून पळून आलेले लोक आणि तिथले जुने गावकरी हापशावरून एकमेकांची डोकी फोडायचे. आम्ही त्यांना झाडाखाली बसवायचो. नियम एकच. ज्यानं मार खाल्ला तो आधी बोलणार, आणि त्याचं संपेपर्यंत मारणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. दुपारच्या दुपार जायची, जीव कावून जायचा. पण झालेली तडजोड टिकायची.

माझा सत्कार खरा कशासाठी, ते नंतर कळलं. वस्तीचा नळ कोरडा पडला म्हणून माझी आई गावातल्या नळावर गेली होती. सरपंचांच्या पुतण्यानं तिला ढकललं. तिचा हात मोडला. तिनं पोलिसांत तक्रार दिली. सत्कारानंतर ग्रामपंचायतीत चहा पिता पिता सरपंच मला म्हणाले, "तू तिकडं शांतता करून आलीस ना? मंग आईला सांग, केस मागं घे."

माझं डोकंच फिरलं. एवढं शिकले, एवढ्या लांब गेले, ते काय आईचं तोंड बंद करायला? तरी राग गिळून मी युगांडातला नियम सांगितला. म्हटलं, आधी आई बोलेल.

आई ग्रामपंचायतीच्या पायरीखाली बसली होती, हात गळ्यात बांधलेला. उठली. "मी घागर लावली तवा..." म्हणाली, तेवढ्यात सरपंचांच्या मागं उभा असलेला पुतण्या हसला.

सरपंच म्हणाले, "बस खाली. तुला काय कळतंय त्यातलं?"

आई बसली. तिचं बसणं मला तिच्या मोडलेल्या हातापेक्षा जास्त लागलं. घरदार जळालेली माणसं तिथं एकमेकांचं ऐकून घेत होती. माझ्या गावाला माझ्या आईचं एक वाक्य पुरं ऐकवलं नाही.

मी शाल टेबलावर ठेवली. घडी तशीच होती.

"आग लावून राह्यलीस तू," सरपंच म्हणाले.

"बैठक वस्तीत घ्या," मी म्हणाले. "कोरड्या नळापाशी. आई बोलंल, तुम्ही खाली बसून ऐकायचं. तवर केस मागं जाणार न्हाई."

आईला उठवलं आणि निघाले. अजून वस्तीत कुणी आलेलं नाही. पुढच्या तारखेला आई कोर्टात बोलणार आहे. मी शेजारी उभी राहणार आहे.