बोट लागणारा तांडेल

आमच्या तांडेलला बोट लागायची. तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीचा मुख्य. सुकाणू त्याच्या हातात आणि खलाशांचे जीवही. आमच्या तांडेलचे वडील उरणकडचे असे खरेखुरे तांडेल होते. त्यांच्या थोरल्या मुलाच्या पोटात मात्र होडी धक्क्यापासून सुटली की ढवळायला लागायचं. कोळ्याच्या घरात बोट लागणारं पोर म्हणजे हलवायाच्या घरात मधुमेह. शेवटी त्याने द्रोणागिरीला एका गोदामात नोकरी धरली. वडील लोकांना सांगायचे, "मोठा गोदामात असतो," आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगा तुरुंगात आहे. बायको पनवेलच्या शाळेत शिकवायची, म्हणून तो खांदा कॉलनीत आमच्या इमारतीत राहायला आला. त्याचं हे दुखणं कळल्यावर आम्ही त्याचं नाव तांडेल ठेवलं. शुद्ध खवचटपणा होता तो. त्याने मात्र ती पदवी म्हणून स्वीकारली आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हाला हुकूम सोडायला सुरुवात केली.

रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण सायकली घेऊन डोंगरात जायचो. डांबरी रस्त्यावर सायकल चालवणं आम्हाला कमीपणाचं वाटे. मोबाइलमध्ये नकाशे नीट यायच्या आधीची ही गोष्ट, त्यामुळे वाट चुकणं ठरलेलंच. तांडेल पहिल्याच रविवारी हॅण्डलला जीपीएस बांधून आला, तेही जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी. यंत्र होडीवरचं होतं. धाकट्या भावाने हौसेने आणलेलं, पण वडिलांनी "मी आंधला झालो काय?" म्हणून फळीवर टाकून दिलेलं. त्यातला नकाशा समुद्राचा. पाण्याखालचे खडक होते, खोली होती, जमीन मात्र नुसती पिवळी. कर्नाळा, प्रबळगड, माथेरान, आमची कॉलनी, सगळं एकजात पिवळं.

"जमिनीव काय बघायचा हाय?" तांडेल म्हणाला. "पॉइंट टाकला, बाण दिसला, निंगाला."

समुद्रात हे चालतं. त्याने अक्षांश-रेखांश घालून डोंगराच्या पलीकडच्या तळ्याचा पॉइंट टाकला, बाणाने सरळ दिशा दाखवली आणि आम्ही त्या दिशेने रानात घुसलो. करवंदीच्या जाळ्या आडव्या आल्या, तरी बाण सरळच. आमच्यातले देशपांडे विमा कंपनीत अधिकारी. ते सायकल खांद्यावर घेऊन काट्यांत उभे राहिले आणि ओरडले, "अहो तांडेल, पुढे कडा आहे!"

तांडेलने यंत्रात पाहिलं. "तळा अर्ध्या किलोमीटरवर हाय."

"हो, पण खाली!"

परतताना त्याच यंत्राने लाज राखली. आम्ही आलो त्या वाटेची बारीक रेघ पडद्यावर उमटली होती. अंगातले काटे उपसत, तांडेलच्या खानदानाचा उद्धार करत आम्ही त्या रेघेवरून मागे आलो. त्याला जराही ओशाळल्यासारखं झालं नाही. उलट खाली उतरल्यावर वडापाव खाता खाता त्याने आम्हालाच सुनावलं, "म्होरचा नकाशा कंपनी काढते, तिचा काय जातंय? मागची रेघ आपली. यंत्र घ्याचा तं ती रेघ बघून घ्या."

कारण आता सायकलींसाठी नीट यंत्र घ्यायचं ठरलं होतं. देशपांड्यांनी माहितीपत्रकांचा अभ्यास केला होता. त्यांना रंगीत पडदा, वाट सांगणारी बाई आणि रस्त्यांचा नकाशा हवा होता. मुंबईतल्या दुकानात विक्रेत्याने तसं यंत्र सुरू करून दाखवलं. त्यात पेट्रोल पंप होते, हॉटेलं होती, एटीएम होती. प्रबळगडाच्या जागी काहीही नव्हतं. "ही बाई कड्याव गेल्याव काय सांगनार?" तांडेलने विचारलं, आणि वर "जरा बादली भेटंल काय?" असंही विचारलं. मला वाटलं, याला दुकानातही बोट लागली. त्याला यंत्र बुडवून बघायचं होतं! विक्रेत्याने हात जोडल्यावर त्याने बाटलीतल्या पाण्याने बोटं ओली करून बटणं दाबून पाहिली, यंत्र फुटपाथवर नेऊन भर उन्हात पडदा वाचला, झाकण उघडून साधे सेल बसतात का ते बघितलं. "चार्जिंगचा नको. रानात प्लग कुठं गावनार? सेल कुठल्या पन टपरीव भेटतो." स्पर्शाचा पडदा त्याच्या ओल्या बोटाला दाद देईना, तो बाद झाला. शेवटी दुकानातलं सर्वांत कुरूप यंत्र आमच्या गळ्यात पडलं. हौशी लोकांनी तयार करून इंटरनेटवर ठेवलेला फुकट नकाशा मी त्यात भरला. त्यात निदान डोंगर चढतो कुठे आणि पडतो कुठे, हे तरी कळत होतं. देशपांड्यांनी माहितीपत्रकं रद्दीत घातली.

होडीवाले म्हणे जाळं फाटतं त्या खडकांच्या खुणा ठेवतात. तांडेलने तीच पद्धत डोंगरात आणली. जिथे कोणी पडलं, तिथे पॉइंट, आणि पॉइंटला पडणाऱ्याचं नाव. नकाशावर 'देशपांडे १', 'देशपांडे २' अशा वस्त्याच वसल्या. खाडीकडच्या टेकडीचं टोक म्हणजे 'देशपांडे ४'. तिथे ते उभ्या सायकलवरून पडले होते.

दर रविवारी संध्याकाळी तांडेल उरणला जाऊन त्या दिवसाची रेघ वडिलांना दाखवायचा. चार माणसं नेली, चारही परत आणली, हे त्याला सांगायचं असे. म्हातारा पडद्याकडे बघून म्हणायचा, "ह्यो काय, गांडूल?" तांडेल हे आम्हाला हसत हसत सांगायचा, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचायचं नाही. आपल्याला वडिलांनी एकदा तरी कामाचा माणूस म्हणावं, यासाठी चाळिशीतला हा आडदांड माणूस तडफडत होता. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

मग विमानतळाच्या कामासाठी ती खाडीकडची टेकडी कापायला घेतली. आमची एक वाट गेली, एवढंच आम्हाला वाटलं. वडिलांचं मात्र मोठं नुकसान झालं होतं. टेकडीचं टोक देवळाच्या कळसामागे आलं की जाळं टाकायचं, ही त्यांची जन्माची खूण. टोकच उडालं. दोन-चार फेऱ्या फुकट गेल्यावर एका रविवारी ते थोरल्याला म्हणाले, "तुज्या त्या गांडुलात आपली टेकडी हाय काय?"

होती. 'देशपांडे ४' नावाने का होईना, होती. दुसऱ्या दिवशी तांडेल रजा टाकून होडीत बसला.

पुढे एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. तांडेल नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर बसला होता, चेहरा पालकाच्या भाजीसारखा. एका हाताने होडीची कड घट्ट धरलेली, दुसऱ्या हातात यंत्र. यंत्रातला बाण आता जागेवर नसलेल्या टेकडीकडे रोखलेला. तो कळसाच्या रेषेत आला की हाक द्यायची. हाक द्यायच्या आधीच त्याचं पोट उलटलं. सुकाणूवरून म्हातारा ओरडला, "ओकाचा तं ओक, पन हात हलवू नको!" तांडेल ओकला. हात हलला नाही.

ती बटणं धाकट्या भावाला केव्हाच येत होती. म्हाताऱ्यालाही दोन दिवसांत आली असती. पण यंत्र थोरल्याच्याच हातात राहिलं, आणि का राहिलं ते त्या घरात कोणीच विचारलं नाही.

तेव्हापासून तांडेल आमच्याबरोबर यायचा बंद झाला, कारण त्याला सुट्टी रविवारचीच. आता आमच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये नकाशे आहेत आणि आम्ही फारसे चुकत नाही. शिव्या घालायला कोणी नसल्यामुळे देशपांडेही हल्ली निमूटपणे पडतात. करमत नाही, हे खरं. परवा रविवारी न राहवून मी त्याला फोन केला आणि म्हटलं, एक दिवस तरी ये की.

"कसा येऊ?" तो वैतागून म्हणाला. "बाबा आयकत नाय. बोलतात, तू नसशील तं मी जालाच टाकनार नाय. कटकट हाय नुसती."

मी काही बोलणार, तेवढ्यात तो घाईघाईने "थांब हां जरा" म्हणाला, आणि पलीकडून ओकण्याचा आवाज आला.