कडेला लिहिलेला आवाज

पडद्यावर राजा नाही, राणी नाही, गाणं नाही, नुसता लाल रंग निळ्यावर धावून गेला, तर तुम्ही उठून जाल का?

पावसाळ्यात मलकापुरात तंबूचा सिनेमा कापसाच्या रिकाम्या गोदामात यायचा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मी सरकारवर चिडून पत्रकं लिहीत असे. सिनेमाचा ऑपरेटर माझा शेजारी. त्याने दिलेले फिल्मचे तुकडे मी सोड्याच्या पाण्यात धुऊन काचेसारखे कोरे केले, जोडले आणि लुगड्यांच्या रंगांनी चार महिने रंगवले. चित्र एकही नाही. कडेला नखाहून अरुंद जागा उरली. कागदाच्या टंचाईत समास मोकळा सोडणं आम्हा पत्रकवाल्यांना पाप वाटे. मी तिथे काळ्या शाईने लिहीत गेलो: कापसाच्या जिनिंगातल्या मजुरांना सुटी द्या, सुटी द्या.

एका दुपारी ऑपरेटरने गोदामाची दारं लावून पट्टी यंत्रावर चढवली. रंग उसळले आणि कर्ण्यातून गुरगुर सुरू झाली. पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकावा तशी, तुटत, पुन्हा पेटत.

"काऊन बे, कडेले काय केलं तू? ते आवाजाची जागा हाय! तिथल्या काळ्या रेघाच मशीन वाजवते!"

"घोषणा लिहिली, भाऊ."

"मंग तेच वाजून राह्यलं!"

सिनेमाचे मालक शेठ धावत आले. "मशीन बिघडली का?"

"नाही शेठ, मशीन बराबर हाय. याचं अक्षरच असं हाय."

शेठ हसले. पट्टी त्यांनी दोनदा पाहिली. "मध्यंतरात लावतो. फक्त मधात साबणाची जाहिरात घाल. लोकांले काही तर समजलं पाहिजे."

ऑपरेटर मला मानेने "हो म्हण" असं खुणावत होता. मी म्हणालो, "ही पट्टी साबण विकणार नाही."

"मंग मी पट्टीच विकतो. तुकडे माझेच हायेत." रद्दी फिल्म वितळवून बांगड्या करणाऱ्याचं पोतं दाराशी होतं. शेठनी पट्टी त्यात कोंबली.

तत्त्व राखलं, असं मी वर्षभर सांगत फिरलो. झोप मात्र लागेना. नाही म्हटल्याचा पस्तावा मला आजही नाही. पोत्यात हात घातला नाही, याचा आहे. एका मिनिटाची ती गुरगुर ज्यांच्यासाठी लिहिली, त्या मजुरांपैकी एकानेही ऐकली नाही.

तुमच्या गावच्या टॉकीजच्या अडगळीत कोणी रंगवलेला, ओरखडलेला फिल्मचा तुकडा सापडला, तर भंगारात देऊ नका. चार माणसं बोलवा, तो यंत्रावर चढवा आणि संपेपर्यंत कोणाला उठू देऊ नका.