पातळ उजेड

मुळशी तालुक्यात उजेडाची चव घेऊन बघणारा एकच माणूस होता, आणि तो माझा घरमालक होता. नेऱ्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला गेले, तेव्हा किल्ली हातात देण्याआधी त्यांनी खोलीतला दिवा लावला, डोळे मिटून चेहरा वर केला, आमटीत मीठ किती ते बघावं तसे ओठ हलवले आणि म्हणाले, "जरा पातळ हाय. पन तुमाला एकटीला पुरंल." मी मुळातच बोलायला कचरते. त्यातून सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झाल्यामुळे मराठीतलं नेमकं उत्तर मला समोरचा माणूस निघून गेल्यावर सुचतं. मी नुसती मान हलवली. मालकांनी ती कायमची संमती समजली, आणि पुढे दिव्यांविषयी त्यांच्या मनात जे जे आलं ते सगळं मला ऐकावं लागलं.

थोडी जमीन विकून आणि थोडी राखून त्यांनी हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. भाडं मिळत होतं, शेती दुसरा कुणी करत होता, त्यामुळे मालकांना विचार करायला सबंध दिवस मोकळा होता. त्यांनी दिव्यांच्या जाती लावल्या होत्या. जुना पिवळा बल्ब म्हणजे घरजावई: खाणार भरपूर, काम थोडं, आणि जवळ जावं तर तापणार. जुनी ट्यूबलाइट त्याहून वाईट, कारण ती खायची आणि वर दिवसभर गुणगुणायची. तिला त्यांनी कधीच माळ्यावर टाकलं होतं. पिळाच्या सीएफएलला ते म्हातारा म्हणत. "बटन दाबलं की आधी खाकरतो, मंग उठून बसतो, मंग कुटं कामाला लागतो." एलईडी तेव्हा नुकते दिसायला लागले होते. पौडच्या बाजारातून त्यांनी एक स्वस्तातला आणला. त्याचा निळसर उजेड सरळ खाली पडायचा आणि बाजूला अंधारच राहायचा. त्याच्याखाली चहा पिताना मालक मला म्हणाले, "ह्यो तुमच्या कंपनीतल्या मानसांवानी हाय. समोर बघतो. शेजारी कोन बसलंय त्येची चौकशी न्हाई." मी कपात तोंड घालून बसले.

सीएफएल की एलईडी हा प्रश्न बाकीच्या जगात विजेच्या बिलावर सुटत असेल. मालकांच्या घरात तो नमस्कारावर अडला होता. तिन्हीसांजेला दिवा लागला की त्याला हात जोडायचे, ही त्या घरातली रीत. माझ्या घरी तसं कुणी करत नसे, पण तिथे मीही शिकले. आता पिवळा बल्ब बटण दाबताच लागायचा, त्यामुळे काही भानगड नव्हती. सीएफएल आधी मिणमिणायचा आणि सावकाश भरायचा. मग हात जोडायचे कधी? अर्ध्या उजेडाला केलेला नमस्कार अर्धाच पोचतो, असं मालकांचं मत होतं. ते उजेड पुरता भरेपर्यंत हात छातीपाशी तयार ठेवून उभे राहत. मालकीणबाई, ज्यांना मी मावशी म्हणायचे, त्यांचं उलट होतं. बटणाचा खट् असा आवाज झाला की त्यांचे हात जोडलेले असत. "थांब की जरा," मालक म्हणत, "देव आजून चपला घालतोय." मावशी हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खट् झालं की नमस्कार.

एका रविवारी मालकांना कोणता दिवा किती वीज खातो हे मीटरवर बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी सगळ्या भाडेकरूंना आपापल्या खोल्यांतलं सगळं बंद करायला लावलं. क्रिकेटची मॅच चालू होती. खालच्या खोलीतली विदर्भातली मुलं पार रडकुंडीला आली. मालक मीटरसमोर स्टूल टाकून बसले आणि मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकताना बघत राहिले. शेवटी त्यांनी निकाल दिला तो असा, की एलईडी उपास करतो, सीएफएल एकवेळ जेवतो. पण कोण काम किती करतो, ते मीटर सांगत नाही. मी कधी नव्हे ते तोंड उघडून म्हटलं की खोक्यावर वॅट असतात ते खाणं, आणि ल्यूमेन असतात ते काम. मालक माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "मानसाच्या पाठीवर बी लिवायला पायजे हे."

तरी त्यांचा खोक्यावर विश्वास नव्हता. काम मोजायची त्यांची स्वतःची पद्धत होती. नवा दिवा लावला की त्याच्याखाली मावशींनी सूप घेऊन बसायचं आणि तांदूळ निवडायचे. तोच भात जेवताना दाताखाली खडा आला, की दिवा नापास. मला त्या जेवणाला बोलावणं असे. पहिल्या दुसऱ्या घासाला कचकन आवाज व्हायचा, मालक खडा काढून ताटाच्या कडेला ठेवायचे आणि मान वर करून दिव्याकडे बघायचे. मावशींकडे कधीच नाही. "ह्याच्या उजेडात सुटला. पातळ हाय." मावशी मला हळूच म्हणायच्या, "बरं हाय म्याडम. ह्या घरात सून न्हाई, पन बोलनी खायाला बल्ब हाय." एकामागून एक दिवे नापास होत गेले. सीएफएल झाले, जास्त वॅटचे सीएफएल झाले, पिवळसर झाले, पांढरे झाले. दुकानदार मालकांना लांबून येताना बघून शटर अर्धं ओढून घ्यायचा. सगळी आळी हसायची. मीही मनातल्या मनात हसायचे. पण एवढे दिवे बदलूनही त्यांना उजेड पातळच का वाटतो, हे कुणाला कळत नव्हतं.

शेवटी त्यांनी पुण्याला विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत जाऊन चांगल्यातला एलईडी आणला. डाळिंबासारखा होता तो, आत बारीक बारीक दाणे बसवलेला. दिवेलागणीला सगळ्या भाडेकरूंना स्वयंपाकघरात बोलावलं. मावशी सूप मांडीवर घेऊन बसल्या. मालक स्टुलावर चढले, दिवा बसवला, खाली उतरले, बटणाशी गेले. सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि बटण दाबलं.

खट् झालं. दिवा लागला नाही. बसवताना झटका नको म्हणून त्यांनी बाहेरचा मेन स्विच बंद केला होता आणि तो पुन्हा चालू करायचा राहून गेला होता. विदर्भातला एक मुलगा हसायला लागला आणि थांबला. कारण मावशींनी हात जोडले होते. जोडलेले हात कपाळाला लावले आणि वर बघून म्हणाल्या, "आवो, लई झ्याक पडलाय. आता ह्योच ऱ्हाऊ द्या."

मालकांना आधी ती थट्टा वाटली असावी. त्यांनी बटण बंद केलं आणि पुन्हा दाबलं. "आता?"

"आता बी हाय की."

खिडकीतून संध्याकाळचा जो काही उजेड येत होता त्यात मालकांचं बोट बटणावर तसंच राहिलेलं दिसत होतं. मग ते मावशींसमोर खाली बसले, त्यांच्या मांडीवरचं सूप काढून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "कवापासनं?"

दिवा लागलाच नव्हता, हे मावशींच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पदर नीट केला. "सावल्या दिसत्यात आजून," म्हणाल्या. "तुमी इतक्या हौसेनं दिवं आनत हुता. न्हाई दिसत म्हून कसं सांगू?"

पुण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी सोबत गेले. डॉक्टर मालकांना ओलांडून माझ्याशी इंग्रजीत बोलले. डोळ्यामागची नस सुकली होती, नजर परत यायची नव्हती, आणि फार आधी आणलं असतं तरी काही झालं असतं असं छातीठोक सांगता येत नव्हतं. मी ते मराठीत सांगायला शब्द शोधत होते, तोवर मालकांनीच हात जोडून विचारलं, "साहेब, किती वॅटचा लावू?" डॉक्टर पहिल्यांदा त्यांच्याशी मराठीत बोलले. "प्रश्न दिव्याचा नाही, काका." येताना सबंध रस्ताभर मालक गप्प होते. एवढा गप्प माणूस मी आजवर फक्त आरशात पाहिला होता.

ते डाळिंब महिनाभर जळत राहिलं. उत्तम दिवा होता, खरंच. पण मावशींची एक अडचण झाली. बटण त्यांनी स्वतः दाबलं तर ठीक. मालकांनी दाबलं आणि त्या मोरीत असल्या, तर खट् ऐकू यायचं नाही, आणि एलईडी तर तोंडातून शब्द काढत नाही. मग संध्याकाळभर त्या विचारत राहायच्या, दिवा लावला का. नमस्कार राहून जाईल ही धास्ती. मालक दरवेळी सांगायचे, लावलाय. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न.

एका संध्याकाळी मी पाण्याचं विचारायला खाली गेले, तर मालक माळ्यावरची जुनी ट्यूबलाइट पुसत होते. वीजखाऊ म्हणून तिच्या ज्या लोखंडी चोकला ते नावं ठेवत तो त्यांनी स्वतः बसवला. बटण दाबलं. स्टार्टर दोन-तीनदा टिणटिणला, ट्यूब लुकलुकली, लागली, आणि मग तो चोक गुणगुणायला लागला. बारीक, सारखा, न थांबणारा आवाज. मावशी भाकरी थापत होत्या. त्यांनी मान त्या दिशेला वळवली, पिठाचे हात जोडले आणि पुन्हा थापायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "खाऊ द्या तिला किती खायाची ती वीज. बोलती तर हाय."

नंतर नोकरी बदलली, मी सूसला फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथे सगळ्या खोल्यांत एलईडी आहेत, उजेड भरपूर आहे, बिल थोडं येतं. संध्याकाळी घरी आले की बटण दाबते, हात जोडते, आणि क्षणभर तशीच उभी राहून कान देते. उजेड काहीच बोलत नाही.